सुप्याचा माळ आणि माझी सही

पुण्याहून एसटी सुटली तेव्हा सही करायची नाही, हे माझं पक्कं ठरलेलं होतं. सुप्याच्या पलीकडे आमचा चार एकर माळ आहे. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर माझं आणि धाकट्या भावाचं, दत्तूचं, नाव लागलं. हा माळ त्याला सौर प्रकल्पाला भाड्याने द्यायचा होता. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. देशाला वीज हवी तर अणुभट्ट्या बांधा, थोड्या जागेत केवढी तरी वीज मिळते, हे मी भेटेल त्याला पटवत असते. त्याऐवजी एकरच्या एकर काचा अंथरायच्या, आणि त्याही आमच्या माळावर?

सुप्यात उतरले. दत्तू घ्यायला येणार होता, पण त्याचा पत्ता नाही, फोनही उचलेना. शेवटी एका जीपमध्ये स्वतःला कोंबलं. डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसू लागल्या. निम्म्या ठप्प उभ्या होत्या.

"वारंच न्हाई, तर काय करत्याल बिचाऱ्या," शेजारचे आजोबा म्हणाले.

"मग अणुवीज बरी की नाही?" मी लगेच संधी साधली.

"बरी आसंल. पन ती भट्टी आमच्या गावात नगं बरं का, बाई." एवढं बोलून त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

घरी पोचले तर अकरा वाजता दत्तू ओसरीवर घोरत पडलेला. माझं डोकंच फिरलं. बहिणीला उन्हात ताटकळत ठेवून झोपा काढतोस, लाज कशी वाटत नाही, असं मी त्याला फाडफाड बोलले. तो दचकून उठला. डोळे लालभडक. बोलली ती त्याची बायको, सुमन.

"वन्सं, या आठवड्याला शेतीची लाईट रातची हाय. रातभर कांद्याला दारं धरत हुते (वाफ्यांत पाणी सोडत होते). तुमाला आनायला निघायचं म्हनून जरा टेकले, आन तिथंच डोळा लागला."

मी खजील झाले. इतकी वर्षं माहेरी येते, पण शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, हे मला माहीत नसावं?

सुमनने शेंगोळी (हुलग्याच्या पिठाच्या वळकट्या, झणझणीत रश्श्यात शिजवलेल्या) केली होती. थेट आईच्या हातची चव. दोन वाट्या रस्सा ओरपला.

उन्हं कलल्यावर दत्तूच्या मोटारसायकलवरून माळावर गेले. तरवडाला पिवळी फुलं होती. इथेच आम्ही शेळ्या राखायचो. गावात पहिल्यांदा दिवे लागले ते इथूनच पाहिले होते. दत्तू तेव्हा माझ्या कडेवर होता आणि टाळ्या पिटत होता. आई खालून हाका मारत राहिली, तरी आम्ही हललो नव्हतो. ते दिवस आठवले, आणि हा माळ आता काचांखाली जाणार म्हणून मला फार वाईट वाटलं, आणि म्हणूनच मी जास्त तावातावाने बोलू लागले.

"दत्तू, सूर्य मावळला की त्या काचांची वीज बंद. अणुवीज चोवीस तास मिळते, कळतंय का?"

तो फुलं खुडत बसला होता.

"आक्का, तू शिकलेली, तुझं खरंच आसंल. पन चोवीस तासातली आमच्या वाट्याला आठवड्याआड रातचीच येती. ही सूर्याची दुसऱ्या कुनाला रातची देता येत न्हाई, म्हनून तरी आमाला दिवसा मिळंल. गावाच्या सगळ्या पान्याच्या मोटारी हिच्यावरच चालनार हायेत." मग खाली बघत म्हणाला, "मागच्या पाळीला घोणस पायावरून गेली. बूट हुता म्हनून वाचलो. सुमनला बोलू नगंस."

मला एकदम धडकी भरली. शाळेत मुलांपुढे मी हा वाद कितीदा जिंकले होते. इथे मी त्याच्याकडे भाडेकराराचा कागद मागितला. मोटारसायकलच्या सीटवर तो ठेवून सही केली. तरवडाची चार फुलं रुमालात बांधून घेतली.

पुण्याला परतल्यावर, मी सही केल्याचं सांगताच बागेत फिरायला येणाऱ्या बायकांनी मला घेरलं.

"बाई, तुम्ही तर अणुविजेच्या बाजूच्या. मग बाजू बदललीत की काय?"

"छे, अजून तीच माझी बाजू," मी म्हटलं. "पण अणुभट्टी बांधून होईपर्यंत माझ्या भावाने रात्री-अपरात्री अंधारात पाय टाकायचा, हे मला चालणार नाही."