शिवेपलीकडची कोलामी

आमच्या घराण्यात दोन पिढ्या कचेरीत गेल्या. साहेबाने कागद पुढे केला की मुकाट सही करायची, हा आमचा कुळधर्म. मी तो मोडला, आणि त्याचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही.

साठ सालाच्या आगेमागे मी विद्यापीठात कोलामी बोलीवर प्रबंध लिहीत होतो. पैसा दिल्लीचा, केंद्र सरकारच्या योजनेतला. माझी शिष्यवृत्ती आणि मोटारीचं भाडं त्यातूनच निघे. सगळी भिस्त होती फुलसावंगीकडच्या एका पोडावरच्या म्हातारीवर. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. ईर म्हणजे पाणी, किस म्हणजे विस्तव, इथपासून तिनेच मला शिकवलं होतं. माझा उच्चार चुकला की ती म्हणायची, "तुही जीभ लय जड हाये, बाबू. कचेरीतल्या मानसाची जीभ."

मग दिल्लीचं धोरण बदललं. यापुढे अनुदान फक्त सरकारी यादीतल्या जमातींवरच्या संशोधनाला मिळणार होतं. मला बरंच वाटलं, कारण कोलाम यादीत होतेच. पुढची ओळ वाचली आणि माझं डोकं फिरलं. यादीत जमातीबरोबर तालुकेही होते. केळापूर, वणी, यवतमाळ तालुक्यांतला कोलाम तो कोलाम. फुलसावंगी तेव्हा पुसद तालुक्यात, म्हणून तिथला कोलाम कोलाम नव्हे. मग तो कोण, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

माझे मार्गदर्शक भला माणूस, पण वाऱ्याची दिशा बघून पाठ फिरवणारा. ते म्हणाले, "दिल्लीचे साहेब पाहणीला येताहेत. तोवर केळापूरकडची कुणी माणसं गाठा."

"सर, माणूस काय तालुका बघून तोंड उघडतो?"

"तो उघडत नसेल. तिजोरी उघडते."

रात्रंदिवस संताप संताप झाला. आणि एकदम आठवलं, म्हातारीचं माहेर केळापूर तालुक्यातलं! म्हणजे सरकारच्या हिशेबाने ती माहेरी कोलाम होती आणि सासरी नव्हती. ठीक आहे, म्हटलं, सरकारला ती केळापुरातच हवी ना, मग तिथेच नेऊन बसवतो.

पण म्हातारी हलायला तयार होईना. "भाऊ मेला माहा. न्यायले कोन आलं? बिनबोलावता म्या माहेरी जात नाई."

लेकीला न्यायला माहेरचा मुराळी यावा लागतो, हे मी विसरलोच होतो. मी म्हणालो, "मी आलोय ना. मीच मुराळी."

तिने मला खालीवर न्याहाळलं. "मुराळी असा रिकाम्या हातानं येते काय?"

मी तडक फुलसावंगीच्या बाजारात गेलो, लुगडं आणि गुळाची ढेप घेऊन आलो. मग मात्र ती हसत माझ्याबरोबर निघाली. माहेरच्या पोडावर भावजय तिच्या गळ्यात पडून रडली आणि तिने मला मुराळ्याच्या मानाने बाजेवर बसवलं.

दोन दिवसांनी मार्गदर्शक दिल्लीच्या साहेबांना घेऊन तिथे आले. म्हातारी सकाळभर बोलली, गायली. साहेब खूश झाले. माणूस समजदार होता, उगाच कशाला नावं ठेवू. उठता उठता त्यांनी अहवालासाठी एकच प्रश्न विचारला, "अम्मा, आपका गाँव कौन सा?"

म्हातारीने पदर सारखा केला आणि फुलसावंगीकडच्या आपल्या पोडाचं नाव सांगितलं.

"यह नहीं?"

"हे तं माहेर हाये, साहेब. लगन झाल्यावर बाईचं गाव एकच."

माझी आईसुद्धा हेच उत्तर देई. माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं.

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "जन्म इथला आहे ना? मग गाव हेच लिहू. अहवालावर सही करा." मार्गदर्शक मागून माझं कोपर दाबत होते.

मी म्हणालो, "तिने सांगितलं तेच लिहा."

"अनुदान बंद होईल," साहेब म्हणाले.

"होऊ द्या. आज तिच्या तोंडचं गाव बदललं, तर उद्या तिच्या तोंडचे शब्द बदलायलाही मी मोकळा. मग हा प्रबंध कशाला लिहायचा?"

सही मी केली नाही. अनुदान खरंच बंद झालं. मी पांढरकवड्याला शाळेत मास्तरकी धरली आणि सुट्ट्यांत पोडावर जाऊन काम पुरं केलं. पहिल्याच पानावर तिच्या सासरचं गाव लिहिलं, खाली तालुका पुसद. ते पान वगळा, असं विद्यापीठाने सुचवून पाहिलं. मी वगळलं नाही.

पण हे सगळं पुढचं. साहेब गेले त्याच दिवशी दुपारी मी म्हातारीला सासरी पोचवायला निघालो. मोटारीत तिने विचारलं, "साहेब काहून नाराज झाला?"

मी सांगून टाकलं, "सरकार म्हणतं, तुमच्या गावात कोलामच नाहीत."

ती म्हणाली, "असं हाये काय? मंग त्या सरकारले एकडाव आमच्या पोडावर येऊ दे. आमी कोन हाओ थे सांगू दे आमाले. पन आमच्या बोलीत सांगाव म्हना."