लाकडी गाडीत चाचीबरोबर

यंदा आमच्या टॉवेल कारखान्याची सहल शहराबाहेरच्या पार्कात गेली. तिथं लाकडी रोलर कोस्टर आहे हे कळलं तेव्हाच मी ठरवलं होतं, आपण खाली उभं राहून फोटो काढायचे. ऑफिसात ऑर्डरी बघणारी बाई मी. मला स्टुलावर चढून फाईल काढायचीसुद्धा भीती वाटते.

चाचीचं वेगळंच. टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायकांत ती सगळ्यांत वयस्क. तो उंच लाकडी सांगाडा बघून ती थांबलीच. गाडी वरून सुटली की सगळा सांगाडा बैलगाडीसारखा करकरत होता.

"इसमें बैठना है मेरेकू," ती म्हणाली.

बायका हसायला लागल्या. "चाची, हाडं खिळखिळी हुतील की!"

"हौ, होने दो. हर साल गड्ड्याच्या जत्रेत पोरं पाळण्यात बसायची आन् मी खाली. सगळ्यांच्या चपला, पिशव्या माझ्याकडं. पोरांची लग्नं झाली, मैं वहींच खडी!"

तिनं पिशवी शेजारणीच्या हातात दिली आणि रांगेत घुसली. पण गाडी सोडणारा माणूस म्हणाला, "मावशी, एकट्याला न्हाय सोडत. जोडी लागती."

चाचीनं मागं वळून बघितलं. सगळ्या बायका एकदम चपलांचे बंद लावायला वाकल्या. उभी राहिले मी एकटीच.

"आ गे," चाची म्हणाली. मी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि तिच्यामागं गेले.

आडवा दांडा मांडीवर आला आणि गाडी टकटक करत वर चढायला लागली. मी डोळे गच्च मिटले. चाची मला वरून काय काय दिसतंय ते सांगत होती: ज्वारीची रानं, रस्त्यावरचे ट्रक, खाली मुंग्यांएवढ्या आमच्या बायका. मग ती बोलायची थांबली. गाडीही क्षणभर थांबली, आणि पोट तिथंच वर ठेवून आम्ही खाली पडलो.

मी आईला हाका मारल्या. चाचीनं मात्र त्या लाकडाला, चाकांना आणि गाडी बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना अशा काही शिव्या घातल्या, की मागचं कॉलेजचं टोळकं ओरडायचं सोडून हसत सुटलं.

उतरल्यावर ती बाकावर बसली. ओढणी घसरलेली, डोळे मिटून मान मागं टाकलेली. मी घाबरले. "चाची, पाणी देऊ? डॉक्टरांना बोलवायचं का?"

तिनं माझं मनगट धरलं. "फिरसे जाना क्या?"

या वेळी मी डोळे उघडे ठेवले. अगदी टोकावर वारा तोंडावर आला आणि ती म्हणाली होती ती रानं खरंच लांबपर्यंत दिसली. तेवढ्यात आम्ही कोसळलो. मी पुन्हा ओरडले, पण मजेनं. मध्येच चाचीची एक शिवी माझ्याही तोंडून गेली.

खाली आलो तर कडा शिवणाऱ्या सगळ्या बायका जोड्या लावून रांगेत उभ्या. पुढं कोण बसणार यावरून त्यांची भांडणं जुंपली होती. तिकडून मालक जेवायला हाका मारत होते, भात गार होतोय म्हणून ओरडत होते. त्यांच्याकडं कुणी बघतसुद्धा नव्हतं.