गुरांच्या डॉक्टरांचा ड्रॅगन

मुलांनो, जगात आजारी जनावरं आणि तपासायची राहिलेली जनावरं अशा दोनच जाती आहेत, असं ठामपणे मानणारा एकच माणूस माझ्या ओळखीत आहे, आणि नेमका तोच माणूस गेली दोन वर्षं क्रूर ड्रॅगनांची कादंबरी लिहीत होता. आमच्या कोल्हारमधले हे निवृत्त गुरांचे डॉक्टर. आसपासच्या वस्त्यांवरची निम्मी वासरं त्यांच्या हातांवर जन्मलेली. अडीच वर्षांपूर्वीच्या सुट्टीत तुम्ही इथे विसरून गेलेलं ड्रॅगनचं जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांनी माझ्याकडून नेलं, शेजारी शब्दकोश ठेवून तीन महिन्यांत संपवलं आणि परत देताना म्हणाले, "बाई, ह्या लोकांनी जनावर जवळनं बघितल्यालंच न्हाई. आता मीच लिव्हतो." मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, म्हणून तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी वेळ ठरवून दिली, मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार. त्यानंतर जे सुरू झालं, ते मला अजूनही नीटसं उमगलेलं नाही.

दवाखान्यात जनावराचा करतात तसा प्रत्येक ड्रॅगनचा त्यांनी आधी केसपेपर केला. रंग, वय, शिंगांची ठेवण, स्वभाव, पूर्वीचे आजार. सगळ्यांत भयंकर ड्रॅगनचं नाव पवळ्या. मी म्हटलं, "डॉक्टर, हे बैलाचं नाव. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यायला हवा." तर म्हणाले, "नाव भयानक ठिवलं तर मायेनं हाक कशी मारायची?" ड्रॅगनला मायेनं हाक मारायची असते का, हे मला एम. ए.ला कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचा राजपुत्र बापाचा सूड घ्यायला तलवार उपसून गुहेत शिरतो आणि आधी पवळ्याचा जबडा उघडून दात बघतो. "वय कळल्याबिगर अंगावर जानं म्हंजे येडेपना," असा त्यांचा खुलासा. तोंडातून आग निघायची तर पोटात गॅस धरलेला असणार, म्हणून पाचव्या प्रकरणात पवळ्याचं पोट फुगलं आणि राजपुत्राने तलवार बाजूला ठेवून त्याला गोडेतेल पाजलं. मी समासात लिहिलं, "सुडाचं काय?" पुढच्या मंगळवारी त्याखाली उत्तर आलं, "उतार पडल्यावर." मी इतकी गोंधळले, की त्या उत्तराला बरोबरची खूण करून मोकळी झाले. एकदा त्यांच्या घरी गेले तर वहिनी म्हणाल्या, "बघा बाई, बायकूला चार दिस ताप व्हता, ह्यांना पत्ता न्हाई. आन् त्या उडत्या रेड्याला पेंड कमी पडती म्हनून जीव खालीवर!" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुला बोलता येतं. त्याला येतं का?"

पण हा नुसता विरंगुळा नव्हता. "माझं नाव आजवर लशीच्या रजिस्टरातच लिव्हलं गेलं," ते एकदा म्हणाले. "येकदा पुस्तकावर बघायचंय." पुण्यातल्या एका प्रकाशकांनी हस्तलिखित वाचलं आणि फोनवर अट सांगितली. पुस्तक छापू, पण ड्रॅगन क्रूर हवा. शेवटी त्याने गाव जाळलंच पाहिजे, आणि तिथे दयामाया नको.

डॉक्टरांनी शेवटचं प्रकरण नव्याने लिहून आणलं. पवळ्या गावावर झेपावतो, आता आग ओकणार, आणि तेवढ्यात तीन पानं लोक गोठ्यांतली दावी सोडत सुटतात! कुणाची गाभण म्हैस, कुणाची बुजरी कालवड, एकूण एक. तोवर पवळ्या उसाच्या बांधावर बसून आहे. मी म्हटलं, "ही पानं काढावी लागतील. अशाने भीती राहत नाही." त्यांनी कागदांच्या कडा जुळवून गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "काढा. तुमी शिकलेल्या." मी काढली. प्रकरण खरोखर भयानक झालं. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं, "झकास," म्हणाले आणि घरी गेले.

शुक्रवारी आले नाहीत, मंगळवारीही नाही. वहिनी रस्त्यात भेटल्या. "धड जेवत न्हाईत. कागदावरची गुरं ती, बाई! त्यांचं येवढं काय?" माझ्या दृष्टीने मी एक प्रकरण घट्ट केलं होतं, दुसरं काही नाही.

दहाव्या दिवशी ते दारात उभे. "बाई, ती तीन पानं फेकली का?"

"मी कागद फेकते का कधी?"

मी पानं दिली. त्यांनी ती एक-एक करून मोजली, जागेवर लावली आणि म्हणाले, "पुन्याला फोन केला. म्हनलं, ऱ्हाऊ द्या. दाव्याला बांधल्यालं वासरू जळायचं, आन् वर माझं नाव? न्हाई जमायचं."

मी खूप समजावलं. पुस्तक आता कोण छापणार, तुमचं वय किती, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याच मांजराचा कान तपासायला घेतला.

तुम्हाला त्या कादंबरीची झेरॉक्स पाठवते आहे. ती भीतीची आहे की आणखी कशाची, हे तुम्हीच मला कळवा. मी पस्तीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आले, की शेवटाकडे जाताना रेंगाळू नये. पण ही पानं काढली की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. पवळ्या बांधावर बसलाय, तोंड गच्च मिटून. नाकपुड्यांतून धूर येतोय. शेवटच्या गोठ्यात एका म्हातारीच्या वाकड्या बोटांना दाव्याची गाठ सुटत नाहीये. घाई कर असं तिला कुणी म्हणत नाही. आता मीही म्हणत नाही.