उरलेल्या कर्जाची बोलणी

पडदेवालीचे पाय त्या दिवशी सकाळपासून जमिनीवर ठरतच नव्हते. एका नव्या हॉटेलनं सगळ्या खोल्यांचे पडदे तिच्याकडे शिवायला दिले होते आणि आगाऊ रक्कमही हातात पडली होती.

"मी वसुलीवाल्यांकडे जातेय," तिनं नवऱ्याला सांगून टाकलं. त्याच्या हातातली इस्त्री कापडावर तशीच थबकली. तिनंच ती झटकन उचलली, नाहीतर कापडाला भोकच पडलं असतं.

त्याचं घाबरणं काही उगाच नव्हतं. कारखाना बंद पडला, त्याची नोकरी गेली, हप्ते थकले आणि बँकेनं राहतं घर ताब्यात घेऊन विकलं. घर गेलं, तसं कर्जही गेलं, असं दोघं धरून चालले होते. पण घर पडत्या भावात गेलं होतं आणि विक्रीतून न फिटलेली बाकी त्यांच्याच डोक्यावर बसली होती. हे कळलं ते काही वर्षांनंतर, वसुलीचा पहिला फोन आला तेव्हा. मग त्यांनी भाड्याच्या खोल्या बदलल्या, नंबर बदलले, पण फोन काही पाठ सोडेनात.

शेवटी ती एका वकीलबाईंना भेटली होती. "पळू नका," बाई म्हणाल्या. "जुनी बाकी आहे. एकरकमी देऊ केलंत तर बरीच सूट मिळू शकते. फक्त आधी लेखी घ्या, मग पैसे द्या."

आज नवरा काही सोबत यायला धजेना, म्हणून मोठी नणंद निघाली. "मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही," तिनं शपथ घेतली.

वसुलीच्या ऑफिसात टेबलापलीकडे एक तरुण अधिकारी होता. पडदेवालीनं घसा साफ केला आणि आकडा सांगितला. एकूण बाकीच्या मानानं तो अगदीच किरकोळ होता.

"बाई, एवढ्यात नाही जमणार," तो म्हणाला.

"माझ्याकडे एवढेच आहेत."

"अगं, हॉटेलवाल्यांचे आणखी आहेत की!" नणंद बोलून गेली.

पडदेवालीनं टेबलाखालून तिच्या पायावर असा पाय दिला की नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. अधिकाऱ्यानं हसू दाबलं.

"ते कापडाचे पैसे आहेत, साहेब," पडदेवाली म्हणाली. तिचा आवाज मुळीच कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. "ते तुम्हाला दिले तर पडदे होणार नाहीत. मग तुम्हीही बसा आणि मीही बसते."

"वर विचारून येतो," म्हणत तो उठला.

"ताई, आता खोकलासुद्धा येऊ देऊ नका!" पडदेवाली कुजबुजली. छातीत नुसता ढोल वाजत होता. भीतीनं म्हणावं, तर तसंही नाही. किती वर्षांनी ती कुणाची वाट बघत होती, पळत नव्हती!

तो परत आला. "थोडे वाढवा, बाकीचं माफ."

तिनं थोडे वाढवले. "पण आधी लेखी."

"देतो ना," तो म्हणाला आणि त्यानं खरंच दिलं. तिनं प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली, पैसे भरले, शिक्का मारून पावती घेतली आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरू लागली. मागून नणंद लंगडत ओरडत होती, "अगं बाई, पाय मोडलास की गं माझा!" रस्त्यावर दोघी एकमेकींना धरून इतक्या हसल्या की येणारे-जाणारे वळून बघू लागले.

घरी नवऱ्यानं पावती उलटसुलट करून पाहिली. "सुटलो?" त्यानं विचारलं. ती नुसतीच मान डोलावत राहिली. तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"रडतोस काय, गाढवा," त्याची बहीण म्हणाली, पण तिचाही आवाज भरून आला होता. "ऊठ, कापडाचं दुसरं टोक धर. हॉटेल थांबलंय."

तो डोळे पुसत उठला. पडदेवालीनं तागा उलगडला आणि पहिला पडदा बेतायला घेतला.