मांडीवरचा पाय
तोरणमाळला दोन दिवस तंबूत राहून डोंगर पालथा घातला आणि परत निघताना माझा घोटा मुरगळला. शहाद्याला उतरणाऱ्या जीपमध्ये प्रत्येक धक्क्याला कळ येत होती. समोर ब्राह्मणपुरीला निघालेली एक बाई बसली होती. तिनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि माझा चिखलानं भरलेला, सुजलेला पाय उचलून थेट मांडीवर घेतला.

"अहो मावशी, पाय लागतोय!" माझा हात तिच्या गुडघ्याला लागून आपोआप छातीशी गेला. असल्या रूढींविरुद्ध मी शाळेपासून पत्रकं वाटत आले आहे. तरी पुढच्या वळणावर पाय तिच्या पोटाला लागला आणि हात पुन्हा छातीशी गेला.

ती खळखळून हसली. "किती डाव पाया पडशी, पोरी? पाय शे तो, पाप नही."

सगळा घाट तिनं तो पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला. पुढे कळ आली नाही आणि माझा हातही छातीशी गेला नाही.

शहाद्याला तिच्या साडीवर चिखलाचा मोठा डाग दिसला. "धुवाई जाई," ती म्हणाली. मी पाया पडले नाही. तिचा हात हातात घेऊन घट्ट दाबला. तिनंही तेवढ्याच जोरानं दाबला.