न वाचलेलं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला वाटतं, मला सिनेमाचा कंटाळा आहे. मग तुम्हांलाच का सांगतोय? ठाऊक नाही. ऐका झालं.

त्या काळी महाडला तंबूतला सिनेमा यायचा. चित्रं मुकी. मधूनमधून पडद्यावर अक्षरं यायची; गर्दीतल्या बहुतेकांना ती वाचता यायची नाहीत, म्हणून कुणीतरी पुढं उभं राहून मोठ्यानं वाचायचं. तो वाचणारा मी. शाळामास्तर, आवाज खणखणीत — आणि मिजास तर विचारूच नका!

एका दिग्दर्शकावर माझा फार जीव होता. बाकीचे आकाशातून देव उतरवायचे. हा घरातला एक कोपरा दाखवायचा आणि तिथंच अंगावर काटा आणायचा. त्याचं एक विचित्र चित्र मी मुंबईला पाहून आलो. मूल गेलेली बाई रिकामा पाळणा हलवत बसते — बस्स, एवढंच. घरचे चिडतात, शेजारी घाबरतात, ती हलवतेच. शेवटी दमून तिचा डोळा लागतो, हात मांडीवर पडतात, आणि पाळणा आपोआप हलू लागतो. भूत म्हणावं, की आईची माया? तो सांगत नाही. कितीतरी दिवस मला जेवण गोड लागलं नाही. असं धाडस दुसऱ्या कुणात होतं? तंबूवाल्याच्या मागं लागून ते चित्र मीच महाडला आणवलं.

पण खरं कारण — आक्का. माझी थोरली बहीण. तिला पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला दिली होती. तिचं तान्हं तापानं गेलं, आणि ती रिकामी झोळी हलवत बसू लागली. रिकामा पाळणा हलवू नये, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. त्यातून जाऊ गरोदर. सासरच्यांनी तिला माझ्याकडं आणून सोडली. माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं; घरात आम्ही दोघंच. ती झोळी माझ्या घरातही हलत राहिली. मी रागावलो नाही, पण मला ती कळलीही नव्हती — त्या चित्रानं कळली. वाटलं, तिनं एकदा पाहावं. आपण एकट्याच नाही, हे तिला दिसावं.

"चल गो आक्का, तुझ्यासारखीच एक बाई हाय त्यात," मी म्हटलं. तिनं कितीतरी महिन्यांनी केसांना तेल लावलं.

तंबू गच्च भरला होता. पडद्यावरचा पाळणा हलला मात्र, बायकांच्या बाजूनं ओरडा उठला, "रिकामा पालणा हलवते गो, पोरं झाका!" आयांनी लेकरं पदराखाली घेतली. पुरुष खवळले. "मास्तर, ही अवदसा कुनी आनली?" एक ढेकूळ माझ्या कानाशेजारून गेलं. माझी पाचावर धारण बसली. तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली. ती मला पाठ होती. 'पाळणा रिकामा नाही. तुम्हांला दिसत नाही, एवढंच.'

आणि मी काय वाचलं?

"अशा बाईला घराबाहेर काढा. तिच्यापायी दुसऱ्यांची लेकरं जातील."

मोठ्यानं. खणखणीत. तंबूनं टाळ्या पिटल्या. आक्का उठली आणि कुणाकडं न बघता बाहेर गेली, ते मी पाहिलं. पाहिलं — आणि पुढचं वाचत राहिलो, लोकांना रुचेल तसं.

सकाळी तिनं झोळी सोडून घडी घालून ठेवली होती. पुन्हा हात लावला नाही. बोलणं आटलं, मग जेवण. एक वाक्य तर सांगायचं होतं! ताटावर बसलं की ओठांपर्यंत यायचं. पण ते सांगायचं म्हणजे तंबूत वाचलेलं माझ्या पदरचं होतं, हेही सांगावं लागणार. मी भाताबरोबर गिळून टाकायचो. काय म्हणाल याला? मी भित्रेपणा म्हणतो.

पावसाळ्यात तिनं अंथरूण धरलं. एका दुपारी तिनं विचारलं, "त्या बाईला काढली काय रे घराभायेर?"

"हो," मी म्हणालो.

"बरं केलं त्यांनी."

ती भिंतीकडं वळली. भातकापणीच्या आत गेली. जाताना मी तिच्या उशाशीच होतो. ती शुद्धीवर होती, घरात तिसरं कुणी नव्हतं. तेव्हाही मी सांगितलं नाही.