भिंत आणि रिंगच्या मधे

माणगावजवळ हायवेला माझ्या पोराचं टायरचं दुकान हाय. लिलावात घेतलेले लष्कराचे जुने ट्रक त्याच्याकडंच येतात. त्यांच्या चाकाला लोखंडी रिंग असते. ती नीट बसली न्हाय तर हवा भरताना उडते आणि समोरचा माणूस मरतो. म्हणून तो ती हातोडीनं ठोकून आवाजाला कान देतो, रिंगची बाजू भिंतीकडं करतो, मग ओरडतो, "मागं व्हा!" ड्रायव्हर चिडवतात, "बायकोला तरी एवढं जपतोस काय रं?" तो हसत न्हाय.

माझी बायको गेली, त्यानंतर एकदा मी मुद्दाम भिंत आणि रिंगच्या मधे जाऊन बसलो.

"बाबा, उठा."

"तू भर हवा."

त्यानं कॉम्प्रेसर चालू केला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. रस्त्यानं त्याची बायको डबा घेऊन येत होती.

मी उठलो.